२१४७४८३६४७ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही संख्या वाचायची कशी?

दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. स्वल्पविराम देऊन लिहिली तर २,१४,७४,८३,६४७. बोलताना बहुतेक जण 'दोनशे चौदा कोटी आणि वर काहीतरी' म्हणून सोडून देतात. खाली घात दाखवायला ^ हे चिन्ह वापरलं आहे, म्हणजे २^५ = ३२.

हिच्यात एवढं विशेष काय आहे?

ती २^३१ पेक्षा एकाने लहान आहे. द्विमान पद्धतीत (फक्त ० आणि १ वापरून) लिहिली तर ओळीने एकतीस वेळा १ येतो, दुसरा अंकच नाही. अष्टमान पद्धतीत (आठचा पाया धरून) एक १ आणि त्यामागे दहा ७.

पुढचं वाचताना एक फरक लक्षात ठेवा. काही गुण संख्येचे असतात, काही तिच्या लिखाणाचे. मूळ संख्या असणं हा संख्येचा गुण. तुम्ही ती दशमानात लिहा, द्विमानात लिहा किंवा तेवढे गहू मोजा, तो बदलत नाही. एककस्थानी ७ असणं हा मात्र आपण दहाचा पाया धरतो म्हणून दिसणारा गुण. या संख्येविषयी नेटवर फिरणाऱ्या याद्यांत दोन्हींची सरमिसळ असते आणि त्यामुळे किरकोळ गोष्टीही भारदस्त वाटू लागतात.

ही मूळ संख्या आहे, हे कुणी सिद्ध केलं?

अठराव्या शतकातले गणिती लेओनहार्ड ऑयलर यांनी. १७७२ मध्ये दुसरे गणिती डॅनिएल बर्नुली यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी ते कळवलं. तेव्हा ऑयलर सेंट पीटर्सबर्गला होते, वयाची पासष्टी आली होती आणि दृष्टी जवळजवळ गेली होती.

त्याआधी इटलीतल्या बोलोन्याचे गणिती पिएत्रो कताल्दी यांनी १५८८ मध्ये २^१७ − १ (१,३१,०७१) आणि २^१९ − १ (५,२४,२८७) या दोन मूळ संख्या पडताळल्या होत्या. नंतर त्यांनी २३, २९, ३१ आणि ३७ हे घातांकही चालतात असा दावा केला. त्यातले तीन साफ चुकले, ३१ तेवढा बरोबर निघाला. पण बरोबर उत्तर सांगणं आणि ते सिद्ध करणं यात जवळपास पावणेदोनशे वर्षांचं अंतर पडलं.

ऑयलर यांनी नेमकं केलं काय? इतके भागाकार हाताने?

शाळेत शिकवतात ती रीत अशी: वर्गमुळापर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून पाहा. इथे वर्गमूळ ४६,३४० च्या थोडं पुढे येतं आणि त्याखाली साडेचार हजारांहून जास्त मूळ संख्या आहेत. ऑयलर यांनी आधी विचार केला आणि मग पेन उचललं.

पहिली चाळणी अशी. २^३१ − १ ला भाग देणारी कोणतीही मूळ संख्या ६२ च्या पटीपेक्षा एकाने मोठीच असते, कारण ६२ म्हणजे २ × ३१. लहान उदाहरणावर पाहा. २^११ − १ = २०४७ = २३ × ८९. तिथे २ × ११ = २२, आणि २३ = २२ + १, ८९ = ८८ + १. दोन्ही विभाजक नियमात बसतात.

दुसरी चाळणी जास्त सुंदर आहे. समजा, एखादी मूळ संख्या २^३१ − १ ला भागते. म्हणजे तिने २^३१ ला भागलं तर बाकी १ उरते आणि २^३२ ला भागलं तर बाकी २. पण २^३२ हा २^१६ चा वर्ग आहे. म्हणजे या मूळ संख्येने भागल्यावर एका वर्गाची बाकी २ येते. अशा विषम मूळ संख्येला ८ ने भागलं तर बाकी १ किंवा ७ च उरू शकते. ३ किंवा ५ कधीच नाही.

दोन्ही चाळण्या एकावर एक ठेवल्या की उमेदवार दोनच साच्यांतले उरतात: २४८ च्या पटीत १ मिळवून येणारे, किंवा २४८ च्या पटीत ६३ मिळवून येणारे. ४६,३४० पर्यंत पहिल्या साच्यात १८६ संख्या बसतात, दुसऱ्यात ६३ सह १८७. ६३ तर उघडच संयुक्त. राहिले ३७२. त्यातलेही अनेक सहज गळतात: २४९ ला ३ ने भाग जातो, ४९७ ला ७ ने, ५५९ ला १३ ने, ७४५ ला ५ ने. पहिला खरा उमेदवार ३११, बाकी ३५. त्यानंतरची मूळ संख्या थेट १३०३, बाकी २२६. असंच शेवटपर्यंत जायचं आणि बाकी शून्य कुठेही येत नाही.

ज्याला गणिताची आवड आहे त्याने पहिले पाच-सहा भागाकार खरंच कागदावर करून पाहावेत. कॅल्क्युलेटरवर ती मजा येत नाही.

ही कधी जगातली सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या होती का?

होती, आणि बराच काळ. १७७२ पासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिला मागे टाकणारं कुणी नव्हतं. इंग्रज गणिती पीटर बार्लो यांनी १८११ मध्ये, या संख्येपासून बनणाऱ्या परिपूर्ण संख्येबद्दल (तिची ओळख खाली आहे) लिहिताना, याहून मोठी कुणी शोधेल असं वाटत नाही, असं भाकीत केलं होतं. त्यांचा मुद्दा असा की या संख्या नुसत्या कुतूहलाच्या, उपयोग काही नाही, मग कोण कशाला खपेल? माणसाचं कुतूहल किती खपू शकतं, याचा अंदाज मात्र त्यांना आला नाही. १८६७ मध्ये फॉर्च्युने लांद्री यांनी २^५९ − १ चे अवयव पाडले, त्यात १३ अंकी मूळ संख्या मिळाली. १८७६ मध्ये एदुआर्द ल्युका यांनी २^१२७ − १ ही ३९ अंकी संख्या मूळ असल्याचं दाखवलं.

आजचा विक्रम २^१३,६२,७९,८४१ − १ या संख्येच्या नावावर आहे. ती ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झाली. तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत.

३७२ भागाकारांपेक्षा सोपी रीत नाही का?

आहे. ल्युका यांनी सुचवलेली आणि पुढे डेरिक लेमर यांनी नीट बसवलेली. ४ पासून सुरुवात करा. वर्ग करा, २ वजा करा, आपल्या संख्येने भागून बाकी ठेवा. घातांकापेक्षा दोन कमी इतक्या वेळा हे करा. शेवटी शून्य आलं तर संख्या मूळ, नाही आलं तर संयुक्त.

२^५ − १ = ३१ वर करून पाहू. तीन पायऱ्या हव्यात. ४ चा वर्ग १६, वजा २, झाले १४. १४ चा वर्ग १९६, वजा २, झाले १९४. ३१ ने भागून बाकी ८. ८ चा वर्ग ६४, वजा २, झाले ६२, बाकी शून्य. ३१ मूळ.

२१४७४८३६४७ साठी अशा २९ पायऱ्या लागतात. अठ्ठाविसाव्या पायरीवर येणाऱ्या बाकीला दोनच पर्याय आहेत: एक तर ६५,५३६, नाहीतर २१४७४८३६४७ मधून ६५,५३६ वजा करून येणारी संख्या. कारण ६५,५३६ म्हणजे २^१६, त्याचा वर्ग २^३२, त्याची बाकी २, आणि २ मधून २ गेले शून्य. वरच्या छोट्या उदाहरणात शेवटून दुसरी बाकी ८ होती, म्हणजे २^३, हेही त्याच घरातलं.

'मर्सेन मूळ संख्या' आणि 'दुहेरी मर्सेन' म्हणजे काय?

२ च्या घातातून १ वजा करून मिळणारी मूळ संख्या म्हणजे मर्सेन मूळ संख्या. नाव फ्रेंच धर्मोपदेशक मारँ मर्सेन यांचं. त्यांनी १६४४ मध्ये २५७ पर्यंतच्या घातांकांची यादी दिली. त्यात ६७ आणि २५७ चुकीचे होते आणि ६१, ८९, १०७ सुटले होते. ३१ मात्र होता. घातांक २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१ असा क्रम आहे, म्हणून आपली संख्या आठवी.

आता ३१ स्वतः २^५ − १ आहे, म्हणजे तोही मर्सेन मूळ. घातांकच मर्सेन असेल तर ती दुहेरी मर्सेन. अशा मूळ संख्या आजवर चारच माहीत आहेत: ७, १२७, २१४७४८३६४७ आणि २^१२७ − १.

परिपूर्ण संख्येशी हिचा काय संबंध?

स्वतःला सोडून बाकी सगळ्या विभाजकांची बेरीज जिच्याइतकीच होते ती परिपूर्ण संख्या: ६ = १ + २ + ३. प्रत्येक मर्सेन मूळ संख्येमागे एक परिपूर्ण संख्या येते. हिच्या वाट्याची २^३० × २१४७४८३६४७ = २३०५८४३००८१३९९५२१२८. आठवी परिपूर्ण संख्या, एकोणीस अंकी.

मूळ संख्यांच्या रांगेत हिचा नंबर कितवा?

१०,५०,९७,५६५ वा.

ही जोडमूळ आहे का? सोफी जर्मेन मूळ आहे का?

दोन्ही नाही. दोनाने लहान असलेल्या २१४७४८३६४५ ला ५ ने भाग जातो, दोनाने मोठ्या २१४७४८३६४९ ला ३ ने. त्यामुळे जोडीदार नाही.

सोफी जर्मेन असण्यासाठी दुप्पट अधिक एक हीसुद्धा मूळ हवी. इथे ती येते ४२९४९६७२९५, आणि तिचे अवयव ३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७ असे पडतात. हे पाचही आकडे म्हणजे आजवर माहीत असलेल्या सगळ्या फर्मा मूळ संख्या (२^१ + १, २^२ + १, २^४ + १ अशा, घातांक दरवेळी दुप्पट), एकही न गाळता. नापास व्हावं तर असं. तिच्याहून दोनाने मोठी ४२९४९६७२९७ म्हणजे २^३२ + १ हीसुद्धा मूळ असेल असं फ्रेंच गणिती पिएर द फर्मा यांना वाटत होतं. ती ६४१ ने भागली जाते हे १७३२ मध्ये दाखवून तो समज मोडणारेही ऑयलरच.

ही दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येते?

नाही. ४ ने भागून बाकी ३ उरते, अशी मूळ संख्या दोन वर्गांत बसत नाही. ८ ने भागून बाकी ७ उरते, म्हणून तीन वर्गांतही नाही. चार वर्ग लागतातच, आणि चार कुठल्याही संख्येला पुरतात.

अंकांची बेरीज, हर्षद, हॅपी वगैरे?

हे सगळे लिखाणाचे गुण. अंकांची बेरीज ४६, मग १०, मग १. अंकांच्या बेरजेने भाग गेला तर हर्षद संख्या. पण एकाहून जास्त अंकांच्या मूळ संख्येला ते जमणारच नाही, कारण मूळ संख्येला कुणी मधलं भागतच नाही. 'हॅपी'ची कसोटी अंकांच्या वर्गांची बेरीज पुन्हा पुन्हा करण्याची: २६०, ४०, १६, ३७, ५८, ८९, १४५, ४२, २०, ४ आणि परत १६. एकावर पोचत नाही, म्हणून हॅपी नाही.

मग कापरेकरांच्या वर्गीकरणात ही कुठे बसते?

हा प्रश्न आम्हाला आवडतो. 'हर्षद' हे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचं. जन्म डहाणूचा, १९०५ मधला, शिक्षण फर्ग्युसनमध्ये, आणि १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत शिक्षक. ६१७४ या स्थिरांकामुळे ते सर्वांना माहीत आहेत, पण त्यांचा 'स्वयंभू' संख्यांचा विचार आम्हाला त्याहून सरस वाटतो.

कोणतीही संख्या घ्या, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. २१ घेतले तर २१ + ३ = २४. म्हणजे २४ चा जनक २१. ज्या संख्येला असा जनकच नाही ती स्वयंभू, उदाहरणार्थ २०. काही संख्यांना मात्र एकाहून जास्त जनक असतात. १०१ पाहा: १०० + १ = १०१ आणि ९१ + १० = १०१. अशा संख्यांना कापरेकरांनी जंक्शन म्हटलं, जिथे दोन वाटा येऊन मिळतात.

आता आपली संख्या. जनक शोधायला फार लांब जावं लागत नाही. दहा अंकांची बेरीज जास्तीत जास्त ९०, त्यामुळे मागच्या नव्वदांत काय ते सापडतं. शेवटचे दोन अंक सोडून २१४७४८३६ धरले तर त्यांची बेरीज ३५. शतकाच्या वर ४७ हवेत, त्यातले ३५ गेले, १२ उरले. दशकाचा अंक एकदा स्थानमूल्याने आणि एकदा बेरजेत धरला जातो, म्हणजे अकरापट, एककाचा दुप्पट. अकरापट आणि दुप्पट मिळून १२ व्हायचे तर दशक ०, एकक ६. जनक मिळाला: २१४७४८३६०६, अंकांची बेरीज ४१.

एक शतक मागे गेलं तर पहिल्या आठ अंकांची बेरीज ३४, आणि भरून काढायचे ११३. दशक ९ चे ९९, एकक ७ चे १४. बरोबर ११३. दुसरा जनक २१४७४८३५९७, अंकांची बेरीज ५०. तिसरा नाही. म्हणजे २१४७४८३६४७ ही जंक्शन संख्या आहे. लिखाणाचा गुण असला तरी आम्ही तो यादीत ठेवला.

कॉम्प्युटरमध्ये हा आकडा सतत का दिसतो?

३२ बिटांच्या (बिट म्हणजे ० किंवा १ साठीची एक जागा) चिन्हासहित पूर्णांकात बसणारी ही सर्वांत मोठी संख्या. एक बिट चिन्हाकडे जातो, उरलेले एकतीसही बिट १ केले की हा आकडा तयार. खालच्या बाजूला −२१४७४८३६४८ पर्यंत जाता येतं, म्हणजे ऋण बाजूला एक जास्त. शून्याने धन बाजूची एक जागा खाल्लेली असते. अनेक यंत्रणांत शिखरावर असताना १ मिळवला की थेट तळाला पोचायला होतं.

मूळ असण्याचा या मर्यादेशी काहीही संबंध नाही. १६ बिटांची मर्यादा ३२,७६७ आहे आणि ती ७ × ३१ × १५१ आहे.

आमच्या यादीत सगळ्या ग्राहकांचा मोबाईल नंबर २१४७४८३६४७ दिसतोय. हॅक झालं का?

नाही. डेटाबेसमध्ये मोबाईल नंबरचा कॉलम 'इंट' म्हणजे ३२ बिटांचा पूर्णांक ठेवला आहे. आपले मोबाईल नंबर ६ ते ९ पैकी एका अंकाने सुरू होतात, म्हणजे दहा अंकी असूनही प्रत्येक नंबर या मर्यादेपलीकडे. मायएसक्यूएल हा डेटाबेस कडक मोडवर नसेल तर तक्रार न करता मोठ्यात मोठा बसणारा आकडा भरून मोकळं होतं. मूळ नंबर गेले ते गेले, बॅकअप शोधा. आणि कॉलम 'बिगइंट' (६४ बिटांचा पूर्णांक) करू नका, मजकुराचा करा. फोन नंबरांची बेरीज कुणी करत नाही.

२०३८ चं प्रकरण काय आहे?

युनिक्स पद्धतीच्या कॉम्प्युटर यंत्रणा वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून (ग्रिनिच) सेकंदांत. ही मोजणी ३२ बिटांत असेल तर मंगळवार, १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी ती २१४७४८३६४७ वर पोचते. पुढच्या सेकंदाला घड्याळ (ग्रिनिच वेळेनुसार) १३ डिसेंबर १९०१ दाखवेल. तुमचा लॅपटॉप बहुधा ६४ बिटांवर गेलेला आहे. काळजी भिंतीत, यंत्रांत आणि मीटरांत बसवलेल्या जुन्या चिपांची.

प्रत्यक्षात कधी कुणी या मर्यादेला धडकलं आहे?

डिसेंबर २०१४ मध्ये 'गंगनम स्टाईल'च्या व्हिडिओने यूट्यूबवर हा आकडा ओलांडला, आणि मोजणी ६४ बिटांवर नेल्याचं यूट्यूबने जाहीर केलं. २०१५ मध्ये अमेरिकेच्या विमान प्रशासनाने बोईंग ७८७ बाबत आदेश काढला: वीज सलग २४८ दिवस चालू राहिली तर जनरेटर नियंत्रकांतली मोजणी ओसंडते आणि विमानातली वीज जाऊ शकते. शतांश सेकंदाला एक या हिशेबाने २१४७४८३६४७ पर्यंत मोजायला सुमारे दोनशे साडेअठ्ठेचाळीस दिवस लागतात. ऑयलर यांच्या चाळणीतल्या २४८ शी याचं काही नातं नाही, निव्वळ योगायोग.

मूळ असल्याचा व्यवहारात काही उपयोग झाला का?

झाला, कॉम्प्युटरवर यदृच्छ (रँडम) वाटणारे आकडे तयार करायला. एक आकडा घ्या, १६,८०७ ने गुणा, २१४७४८३६४७ ने भागून बाकी ठेवा, परत गुणा. १ पासून निघालं तर १६८०७, २८२४७५२४९, १६२२६५००७३ असे आकडे येतात. रीत माहीत नसेल तर चौथ्याचा अंदाज बांधता येत नाही. भाजक मूळ असल्यामुळे योग्य गुणक निवडला तर १ ते २१४७४८३६४६ पर्यंतची प्रत्येक संख्या एकदा आल्याशिवाय पुनरावृत्ती होत नाही. १६,८०७ हा ७^५ आहे. ७ ला तो गुण आहे, आणि २१४७४८३६४६ च्या अवयवांत (२ × ३ × ३ × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१) ५ नाही म्हणून पाचव्या घातातही तो टिकतो. स्टीफन पार्क आणि कीथ मिलर यांनी १९८८ मध्ये किमान दर्जा म्हणून हीच रीत सुचवली; सी++ या प्रोग्रामिंग भाषेच्या प्रमाणित लायब्ररीत ती आजही आहे. बँकेच्या पासवर्डसाठी मात्र वापरू नका, एक आकडा कळला की पुढचे सगळे कळतात.

मग २ चा २१४७४८३६४७ वा घात वजा १, हीसुद्धा मूळ असेल ना?

३, ७, १२७ अशी साखळी पाहून मोह होतो खरा. ही संख्या चौसष्ट कोटींहून जास्त अंकी होते, पूर्ण लिहून भागणं दूरच. पण ऑयलर यांची पहिली चाळणी इथेही चालते: विभाजक असेल तर २ × २१४७४८३६४७ च्या पटीपेक्षा एकाने मोठा. त्या वाटेने शोधणाऱ्यांना तो सापडला, २९५२५७५२६६२६०३१, म्हणजेच २ × ६८,७४५ × २१४७४८३६४७ + १. संख्या संयुक्त आहे.